कळसूबाईच्या अंगणात एक रात्र

बालमित्रांनो, तुमच्यापैकी जे नाशिक-पुण्याकडे राहतात त्यांना डोंगराचं काही अप्रूप नसेल. खिडकी उघडली की समोर डोंगर! आमच्या केळापूर तालुक्यातल्या मुलांचं तसं नाही. आमच्याकडे नजर जाईल तिथवर कापूस, तूर आणि मधूनमधून सागाचं रान. टिपेश्वरच्या अभयारण्यात टेकड्या आहेत, पण तिथे चढायला कोण जाणार? तिथे वाघ राहतात! त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांना डोंगर काढायला सांगितला की सगळ्यांचा एकच डोंगर. दोन त्रिकोण, मधून डोकावणारा अर्धा सूर्य आणि खाली वळणावळणाची नदी. तुम्हीसुद्धा हेच काढत असाल, खरं की नाही?

खरं सांगायचं तर बाईंचा डोंगरसुद्धा त्याहून फारसा मोठा नव्हता. डी.एड.ला असताना आमची सहल चिखलदऱ्याला गेली होती, तेवढाच काय तो डोंगर पाहिलेला. तोही बसमधून!

त्या डी.एड.च्या होस्टेलात आम्ही चौघी एका खोलीत होतो. चौघींपैकी दोघींचं नाव एकच, म्हणून सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत पडली. वणी, पुसद, दारव्हा, आणि मी केळापूर. आता चौघीही वेगवेगळ्या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका आहोत, घरी पोरंबाळं आहेत, पण फोनवर अजून "हॅलो, पुसद का?" असंच चालतं. शेजारच्यांना वाटतं, बाई एस.टी.ची चौकशी करताहेत.

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर चढायचं, आणि एक रात्र तिथेच राहायचं, ही कल्पना दारव्ह्याची. पण त्यामागचं कारण वणी होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत वणीचे यजमान गेले. तेव्हापासून शाळा, शेत आणि घर, या तीन ठिकाणांपलीकडे ती कुठेच गेली नव्हती. लग्नाला नाही, बारशाला नाही. फोन केला की "हो", "नाही", "बरं आहे". होस्टेलात रात्री एक वाजेपर्यंत आम्हाला हसवून हसवून बेजार करणारी वणी ती हीच का, असा प्रश्न पडायचा.

आम्ही २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीतला भाऊबीजेनंतरचा शनिवार ठरवला. वणीनं अर्थातच नाही म्हटलं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "कायले जातं वं माय डोंगरावर? लोकं काय म्हणतीन?" लोक काही म्हणण्याआधी वणीची मुलगी म्हणाली. ती तेव्हा सहावीत होती. भूगोलाचा नकाशासंग्रह घेऊन ती आजीशेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, आईले जाऊ दे. माह्याकडे तिच्यासाठी एक काम आहे."

काम म्हणजे एक पैज होती. रविवारी सकाळी मुलगी घराच्या गच्चीवर उभी राहणार आणि आई शिखरावर. ज्याला आधी सूर्य दिसेल त्यानं दुसऱ्याला फोन करायचा. हरेल त्यानं आठवडाभर भांडी घासायची! वणी म्हणाली, "मी एवढ्या उंचावर असणार. मलेच आधी दिसन." मुलगी नुसती हसली. वाचकहो, तुम्हीही जरा विचार करून ठेवा. उत्तर पुढे येतंच आहे.

तर शुक्रवारी आम्ही निघालो. वणी आणि मी पांढरकवड्याच्या एस.टी. स्टँडवर भेटलो. (२०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमच्या सहलीचा श्रीगणेशा स्वस्तात झाला.) पाठीवर सॅक, सॅकमध्ये दिवाळीचा उरलेला चिवडा, ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी, स्वेटर आणि शाल. गाडी वडकीवरून हिंगणघाटला आली तेव्हा मला एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सारा हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. जमिनीवर मोठमोठे त्रिकोण कल्पून, त्यांचे कोन मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला. एकवीस वर्षं हे काम केल्यावर १८२३ च्या जानेवारीत, हैदराबादहून नागपूरकडे जात असताना, तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचं अपुरं काम त्याच्या मदतनिसानं हाती घेतलं. मदतनिसाचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट! पुढे याच मोजणीच्या आकड्यांवरून, बंगालच्या राधानाथ सिकदारांनी केलेल्या गणितातून, हिमालयातलं एक शिखर जगात सर्वांत उंच ठरलं आणि त्याला एव्हरेस्टचं नाव मिळालं. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. म्हणजे एकावर एक बावीस कुतुबमिनार ठेवले की जवळपास तेवढी. आणि एव्हरेस्ट गाठायचं तर पाचाहून जास्त कळसूबाई एकमेकींच्या खांद्यावर उभ्या कराव्या लागतील.

मी हे सगळं वणीला सांगत होते. ती खिडकीतून कापसाची शेतं बघत "हं" म्हणत होती.

वर्ध्याहून रात्रीची रेल्वे. बडनेऱ्याला पुसद आणि दारव्हा डब्यात चढल्या. सकाळी इगतपुरीला उतरलो, तिथून घोटी, आणि घोटीहून जीपनं बारी. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं छोटंसं गाव. अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा; तुमच्या आईबाबांच्या पुस्तकात त्याचं नाव अहमदनगर होतं. जीपमधून उतरून वर पाहिलं आणि आम्ही चौघी गप्प झालो. हिरवट-पिवळ्या गवताचे उतार, त्यावर काळ्या कड्यांचे थरावर थर, आणि पार वर, आभाळाला टेकलेलं टोक. पुसद हळूच म्हणाली, "आपण ह्या डोंगराचा फोटो काढून परत गेलो तर?"

बारीतल्या एका बाईंकडून आम्ही दोन तंबू भाड्यानं घेतले. हा सगळा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे रात्री राहण्याबद्दल आधीच चौकशी करून ठेवली होती. तुम्हीही कधी जाल तेव्हा मोठ्यांना अशी चौकशी करायला सांगा, नियम बदलत असतात. त्या बाई आमच्याच वयाच्या. त्यांचं वर लिंबू सरबताचं दुकान होतं, म्हणून त्याही आमच्याबरोबर मुक्कामाला येणार होत्या. पाच मिनिटांत ओळख झाली आणि आमच्या पद्धतीप्रमाणे त्यांचं नाव पडलं बारी.

दुपारी दोनला चढायला लागलो. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण साधारण ८०० मीटरची आहे. पहिल्या अर्ध्या तासात आमची दिवाळी बाहेर पडली! करंज्या, चकल्या, अनारसे, सगळ्यांचा हिशेब पायांनी मागितला. बारी मात्र डोक्यावर लिंबांची पाटी घेऊन, एका हातानं पदर सावरत, गप्पा मारत चालली होती. वाटेत देवीचं खालचं मंदिर लागतं. बऱ्याच माणसांना माथ्यापर्यंत जाणं जमत नाही, ती इथूनच हात जोडतात. पुसदनं फार भक्तिभावानं हात जोडले. आम्ही तिला ओढत पुढे नेलं.

चढता चढता एक गंमत लक्षात आली. पायाखालचा दगड काळा होता, आपल्या घरच्या जात्याचा असतो तसा. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला, पुन्हा थिजला. सह्याद्रीचे हे थर त्याचेच. तोच लाव्हा पार आमच्या यवतमाळपर्यंत आलेला आहे. झरी-जामणी तालुक्यातल्या शिबल्याकडे त्या लाव्हाचे थंड होताना झालेले सहा कोनांचे दगडी खांब पाहायला मिळतात. आणि हाच दगड लाखो वर्षं ऊन-पावसात झिजून आमची कापसाची काळी माती झाली. म्हणजे ज्या मातीत वणी रोज राबते ती माती आणि हा कडा एकाच घरचे!

हे ऐकून वणी थांबली. खाली वाकून तिनं कड्यावर हात ठेवला. काही बोलली नाही.

माथ्याजवळ कडे अगदी उभे होतात. पूर्वी लोक साखळ्या धरून चढायचे, आता लोखंडी शिड्या आहेत. पहिल्या शिड्या आम्ही हसत-ओरडत पार केल्या. शेवटच्या मोठ्या शिडीपाशी पोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते, वारा सुटला होता आणि दरीत सावल्या उतरत होत्या. दारव्हा वर गेली, पुसद गेली. वणी पाच-सहा पायऱ्या चढली आणि तिथेच थबकली. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. बोटं पांढरी पडली होती.

"मी नाही येत," ती म्हणाली. "मले काही झालं तर पोरगी कोणाकडे पाहीन?"

मी तिच्या खाली दोन पायऱ्यांवर होते. काय बोलावं मला सुचेना. या प्रश्नाला डी.एड.च्या पुस्तकात उत्तर नाही. "काही होत नाही गं" असं म्हणणं सोपं होतं, पण जिच्या बाबतीत एकदा झालेलं आहे तिला ते कसं म्हणायचं?

बारी वरून चार पायऱ्या खाली आली. तिनं पाटी पायरीवर टेकवली आणि वणीच्या समोर चक्क बसकण मारली. "तुमच्याकडं कापूस पिकतो ना ताई?" तिनं विचारलं. "आमच्याकडं भात. मला कापसातलं काहीच कळत नाही. एका झाडाची वेचणी किती वेळा करत्यात?"

वणी क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "तीन-चार वेळा. एकदम नाही फुटत ना बोंडं."

"मग मजुरी कशी देता? दिवसावर का वजनावर?"

"वजनावर. किलोमागं." आणि मग वणी बोलायला लागली. वेचायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर भाव परवडत नाही. गुलाबी बोंडअळी आतून बोंड कशी पोखरते, बाहेरून कळतसुद्धा नाही. व्यापारी ओल्या कापसाचं निमित्त करून भाव कसा पाडतो. बोलता बोलता तिला चांगलाच राग आला. बारी "अरे देवा", "मग हो?" असं म्हणत एकेक पायरी मागे सरकत वर जात होती, आणि वणी तिला समजावून सांगण्याच्या नादात एकेक पायरी वर चढत होती. व्यापाऱ्याचं अर्ध्यावर आलं तेव्हा शिडी संपली! वर उभ्या असलेल्या दारव्हा आणि पुसद तोंडावर हात ठेवून बघत होत्या. मुलांना शिकवायचं कसं याचं आम्ही दोन वर्षं शिक्षण घेतलेलं आहे, पण असा पाठ मी कुठे पाहिला नव्हता.

तिथून थोडंसं चढलं की माथा. माथा म्हणजे शाळेच्या मैदानाहून लहान जागा, आणि मधोमध कळसूबाईचं एवढंसं देऊळ. चारी बाजूंना नुसतं आभाळ! दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. प्रवरा नदीवरचं हे धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्याच्या पलीकडे रतनगड, आणखी लांब हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले एका ओळीत, आणि त्यांच्या मागे लालभडक सूर्य बुडत होता. वणीनं फोन लावून मुलीला सांगितलं, "पोचलो वं." पलीकडून प्रश्न आला, "आई, तिथून आपलं घर दिसतं का?"

नाही दिसत. मी मनातल्या मनात गणित केलं. हवा अगदी स्वच्छ असली तरी एवढ्या उंचीवरून नजर फार तर १४५ किलोमीटरपर्यंत पोचेल, त्यापुढे पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. आणि वणी तर सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर! वणीनं मात्र पूर्वेकडे तोंड करून सांगितलं, "दिशा दिसते."

रात्रीचं काय सांगू? थंडी! उंचावर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं हे मी दरवर्षी शिकवते, पण ते हाडांना त्या रात्री कळलं. खडकात तंबूच्या खुंट्या रुतेनात, म्हणून दोऱ्या मोठ्या दगडांना बांधल्या. छोट्या गॅसवर खिचडी टाकली तर ती शिजता शिजेना. त्या उंचीवर पाणी साधारण ९५ अंशालाच उकळतं, त्यामुळे डाळीला घाई नसते. आमच्या पोटाला मात्र होती. शेजारी मुंबई-पुण्याच्या मुलांचे तंबू होते. दुसऱ्या दिवशी भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना, त्यामुळे त्यांच्यात रात्रभर तोच वाद. (त्या सामन्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, त्या जखमेवर मी मीठ चोळत नाही.)

जेवताना बारीनं देवीची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची मुलगी. रानात भटकायची फार हौस. डोंगराखालच्या इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली, पण एका अटीवर. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही! सगळं नीट चाललं होतं. मग एक दिवस घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलं. तिनं निमूटपणे दोन्ही कामं केली, आणि सरळ डोंगर चढून इथे आली. परत खाली गेलीच नाही. जिथे तिनं थाळ्या घासल्या त्या जागेला अजून थाळेमेळ म्हणतात.

पुसद उडालीच. "अशी अट घालता येते? मग हे लग्नाच्या आधी कोणी सांगितलं का नाही आपल्याला?"

आम्ही हसलो. आणि मग आमच्या लक्षात आलं, की सगळ्यात मोठ्यानं वणी हसते आहे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी पुढे थोडा वेळ थांबलं नाही, आणि आम्हीही तिला थांब म्हटलं नाही. दारव्ह्यानं आपली शाल तिच्या शालीवर टाकली. चंद्र मावळला होता. माथ्यावर गुरू लखलखत होता, मृग नक्षत्र वर येत होतं, आणि खाली खेड्यांचे दिवे चांदण्यांसारखे. वणी यजमानांबद्दल बोलली. शेतात विहीर खणताना काय काय घडलं, ते मुलीला सायकल कसे शिकवत होते, दवाखान्यातून शेवटचा फोन आला तेव्हा शेताची आठवण कशी केली. अडीच वर्षांत ती पहिल्यांदाच बोलत होती. बारी देवळाच्या भिंतीला टेकून ऐकत होती. खिचडीचं भांडं तसंच खरकटं राहिलं. देवीच्या अंगणात भांडी घासायची नाहीत, असं आम्ही एकमतानं ठरवलं!

पहाटे पाचला जाग आली ती वाऱ्यानं. पूर्वेला शुक्राची चांदणी एवढी मोठी, की आधी कोणाची तरी बॅटरीच वाटली. सहा वाजल्यापासून आम्ही शाली पांघरून पूर्वेकडे तोंड करून बसलो. क्षितिज तांबूस झालं, केशरी झालं, पण सूर्य काही येईना. वणीच्या हातात फोन तयार.

सहा वाजून सव्वीस मिनिटांनी फोन वाजला.

"आई! निघाला! सूर्य निघाला न! आता सात दिवस भांडी तुह्याकडे!"

"खोटं बोलतं!" वणी ओरडली. "इथं तर काहीच नाही अजून."

मुलीनं व्हिडिओ कॉल केला. गच्चीचा कठडा, मागे कडुनिंब, आणि त्याच्या बाजूला टम्म नारिंगी सूर्य. इथे आमच्यापुढे नुसती लाली!

आता सांगा पाहू, कसं काय? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावाला सूर्य आधी दिसतो. एका रेखांशाला ४ मिनिटं. वणी आणि कळसूबाई यांच्यात सुमारे सव्वापाच रेखांशांचं अंतर, म्हणजे २१ मिनिटं. घड्याळं दोन्हीकडे सारखीच, कारण साऱ्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरतात. आमच्या उंचीनं थोडी मदत केली, पण ती जेमतेम चार मिनिटांची. आम्हाला सूर्य दिसला तेव्हा सहा वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली होती. मुलगी नकाशासंग्रह घेऊन आजीजवळ का बसली होती, ते आता कुठे आमच्या डोक्यात शिरलं. चार चार शिक्षिका, आणि सहावीतल्या पोरीनं गंडवलं!

त्या मधल्या सतरा मिनिटांत वणीनं फोन ठेवला नाही. सूर्य कुठवर आला ते मुलगी तिकडून सांगत होती. "आता कडुनिंबाच्या फांदीवर आला. आता आजीच्या तुळशीवर ऊन पडलं. आता तुह्याकडे येऊन राहिला, थांब." आणि खरोखरच लांबच्या धुक्यातून सूर्याची लाल किनार वर सरकली. मागे वळून पाहिलं तर पश्चिमेच्या दऱ्यांवर कळसूबाईची सावली पडलेली. अगदी नीट आखलेला त्रिकोण! माझ्या वर्गातल्या मुलांचं चित्र इतकं काही चुकीचं नव्हतं.

नऊला आम्ही उतरायला लागलो. शिडीपाशी बारीनं वणीकडे पाहिलं. वणीनं सॅकचे पट्टे आवळले, तोंड शिडीकडे केलं आणि पहिली पायरी उतरली. पाय जपून टाकत होती, पण थांबत नव्हती. मध्यावर तिचा फोन पुन्हा वाजला. तिनं तो खिशातून काढला नाही, नुसतं वरच्या वर ओरडली, "केळापूर, पोरीचा असन. तिले सांग, भांडी घाशीन म्हणा, पण पुढच्या वर्षी तिलेच इथं आणतो आणि तिच्या आजीले गच्चीवर उभी करतो!"